कोअर बरोबर होता

सकाळच्या बैठकीत शेफालीने भिंतीवरच्या पडद्यावर नकाशा लावला तेव्हा प्रगती मरगळेचं लक्ष समोरच्या इमारतीच्या काचा पुसणाऱ्या माणसाकडे होतं. तो दोरावर बसून एका हाताने काच पुसत होता आणि दुसऱ्या हाताने फोनवर बोलत होता. नकाशावर भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरातले हिरवे ठिपके पसरले होते. एकेक ठिपका म्हणजे त्यांच्या कंपनीने बसवलेली एकेक पेटी. उतारावरची जमीन हलली की भोंगा वाजवायचा आणि खालच्या वस्तीतल्या माणसांना बाहेर काढायचं, एवढंच त्या पेटीचं काम. "एक ठिपका राखाडी झालाय," शेफाली म्हणाली. ती या गटाची प्रमुख, बोलताना कुणाकडे न बघता पडद्याशी बोलायची सवय असलेली. "टेपवाडी. परवा भरदुपारी भोंगा वाजला, कडक ऊन असताना. लोक पळाले. आणि नंतर कुणीतरी बॅटरीची वायरच कापून टाकली. प्रगती, हे तुझ्या गावचंच ना?" प्रगती हो म्हणाली. वायर कुणी कापली हे तिला विचारावं लागणार नव्हतं. टेपवाडीत दुसऱ्याच्या वस्तूवर कोयता चालवायची हिंमत एकाच माणसाला होती आणि तो तिचा बाप होता.

"कोअर बरोबर आहे," शेफाली पुढे म्हणाली. "बंद पडायच्या आधीच्या नोंदींचा लॉग मी बघितला. काही कोसळलं नाही, कुणी कुणाच्या जागेत घुसलं नाही. तुझं काम चोख आहे." प्रगतीला बरं वाटायला हवं होतं. गेली कित्येक वर्षं ती त्या पेटीतल्या सगळ्यात तळाच्या भागावर काम करत होती. पेटीतल्या संगणकावर नेहमीसारखी एकच मोठी, सगळं काही करणारी प्रणाली नव्हती. वेगवेगळे छोटे कंपोनंट, म्हणजे एकेका कामापुरते प्रोग्रॅम होते, आणि त्यांच्या तळाशी कोअर नावाचा एक अगदी लहान प्रोग्रॅम. यंत्र सुरू झालं की आधी कोअर उठायचा. यंत्रातली सगळी मेमरी, सगळा वेळ त्याच्या हातात. तो ते सगळं आपल्या एकुलत्या एका पोराच्या हवाली करायचा आणि ते पोर पुढे आपल्या पोरांना वाटून द्यायचं. ज्याला जेवढं दिलं तेवढंच त्याचं. शेजाऱ्याकडे काय आहे हे बघायचीसुद्धा सोय नाही. एक कंपोनंट मेला तरी बाकीचे उभे राहतात, म्हणून तर कंपनीने हे निवडलं होतं. सुरुवातीला प्रगतीने गमतीने त्यांना मराठी नावं ठेवली होती. वाटप करणारा तो कारभारी, जमिनीचा कल मोजणारा वाचक, मोबाईलवरून पुण्याला खबर देणारा निरोप्या, आणि भोंगा. शेफाली तेव्हा हसली होती, पण नावं टिकली.

"मग वाजला का?" प्रगतीने विचारलं. शेफालीने लॉगमधली ओळ वाचून दाखवली: कारण, वाचक गप्प. हे सगळ्यांनी मिळूनच ठरवलेलं होतं. जमीन हलली असं वाचकाने सांगितलं तर भोंगा वाजवायचा, आणि वाचक बराच वेळ काहीच बोलला नाही तरी वाजवायचा. कारण दरड आली तर ती पहिल्यांदा वर उतारावर रोवलेला मोजणीचा खांबच गिळेल. यावर तेव्हा वाद झाला होता आणि शेवटी सगळ्यांना ते पटलं होतं. प्रगतीला ते आजही पटत होतं. "तू जाऊन ये," शेफाली म्हणाली. "पावसाच्या आत ती पेटी चालू व्हायला पाहिजे. तुझं ऐकतील ते." माझे वडील आहेत तिथे, असं प्रगती म्हणाली. "मग तर बरंच झालं," शेफाली म्हणाली आणि पुढच्या ठिपक्याकडे वळली.

स्वारगेटवरून वेल्ह्याची एसटी मिळाली, खिडकीही मिळाली. कात्रजचा बोगदा मागे पडला, खेड-शिवापूरला गाडी बराच वेळ वाहनांत अडकून राहिली, आणि त्या वेळात प्रगती तीच ओळ मनात फिरवत राहिली. वाचक गप्प. गप्प म्हणजे मेलेला नव्हे. मेला असता तर कारभाऱ्याला लगेच कळलं असतं आणि त्याने वाचकाला पुन्हा उभं केलं असतं. तशी नोंद लॉगमध्ये नव्हती. जिवंत असून गप्प, म्हणजे तो कशाची तरी वाट बघत होता. आणि कंपोनंटला त्याच्या नकळत वाट बघायला लावणारी एकच जागा तिला माहीत होती, ती म्हणजे बेस लायब्ररी. कोअरशी आणि कारभाऱ्याशी बोलायची रीत प्रत्येक कंपोनंटला वेगळी शिकवावी लागू नये म्हणून ती एकाच ठिकाणी लिहिलेली होती आणि प्रत्येकाच्या आत ती जोडलेली होती. वाट्याची मेमरी संपली की लायब्ररी परस्पर कारभाऱ्याकडे आणखी मागते आणि उत्तर येईपर्यंत कंपोनंटला जागच्या जागी थांबवून ठेवते. वरच्याला काही कळत नाही. त्याच्या लेखी फक्त थोडा वेळ गेलेला असतो. पहिल्यांदा तो भाग वाचला तेव्हा प्रगतीला तो फार आवडला होता. वरच्याने आपलं काम करावं, मागण्या-बिगण्याची चिंता खालच्यांनी वाहावी. पण एवढ्याशा मोजणीला मेमरी संपावी का, हे तिला कळत नव्हतं. चेलाडीला गाडी आत वळली. आंबवणे, मार्गासनी. उजव्या-डाव्या हाताला उन्हाने करपलेली खाचरं आणि मधेच नव्याने उठलेले बंगले, त्यांच्या कुंपणावर जाहिरातींचे फलक. भोरच्या वसतिगृहात तिला ठेवायला आबा आले होते तेव्हाची आठवण आली, ती का आली कुणास ठाऊक. फाटकापाशी ट्रंक ठेवून आबा म्हणाले होते, "आत जा. म्या हितं हुबा ऱ्हातो." ती आत जाऊन, खाट बघून, परत खिडकीशी आली तेव्हा ते फाटकापाशी नव्हते. शेवटची गाडी चुकली असती, हे उघड होतं. त्याबद्दल तिला राग नव्हता आणि त्याचा विचारही तिने फारसा केला नव्हता. विंझरच्या पुढे तोरणा दिसायला लागला तसं तिने तोंडावरून ओला रुमाल फिरवला.

वेल्ह्याच्या बाजारात तिने केळी आणि आईच्या गुडघ्याला लावायचं मलम घेतलं आणि चढायला लागली. टेपवाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतल्या एका सपाटीवरची धनगरांची मूठभर घरं. वर गवताळ उतार, त्याच्या वर कातळ. करवंदीला हिरवी फळं लागली होती. कारवी वाळून खडखडत होती. पुण्यात ती रोज व्यायामशाळेत पट्ट्यावर चालायची, तरी अर्ध्या वाटेत दम लागला आणि तिने एका दगडावर बसून घेतलं. त्या शांततेत भोंगा कसा वाजला असेल, याचा तिने अंदाज घेऊन बघितला. कार्यालयात तो त्यांनी एकदा वाजवून पाहिला होता तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करायला आले होते. इथे तर त्याला अडवायला भिंतसुद्धा नव्हती.

आई, चंद्राबाई, उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं आणि कालच भेटल्यासारखं म्हणाली, "आलीस? त्या भोंग्यापायी आली असशील." प्रगतीने तिच्या शेजारी बसकण मारली. आबा म्हशींमागे वर गेले होते. घराच्या वळचणीला पेटी तशीच होती, खालून वायरीची दोन टोकं लोंबत होती. काप अगदी स्वच्छ, एका घावाचा. "आबांनीच ना?" "तर काय. पारडी गेली न्हवं का. भोंग्यानं बिथरली, कड्याच्या अंगाला पळाली ती खालीच. लई गुणाची व्हती. गाभण व्हती." आईने सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. "सगळी बिथरली गं. जनावरं अन् माणसं बी. शाळंकडं पळायचं असं तुमच्या मानसांनी शिकवलेलं, तर पळाली समदी शाळंकडं." प्रगतीने विचारलं, "आन् तू? गुडघा घेऊन तू कशी पळालीस?"

"म्या कुटं पळती? म्या हितंच बसले," आई म्हणाली.

प्रगती तिच्याकडे बघत राहिली. आई सुपातच बघत होती. "आन् आबा?" "ते पळाले." आई हे असं म्हणाली, जसं ते बाजाराला गेले म्हणावं. "आधी म्हशींची दावी सोडली, मंग त्यांच्या मागनं खाली. दारावरनंच गेले. म्या म्हनलं, अवो. तर ऐकू कसं जाईल त्या गलक्यात? मंग म्या बसले. म्हनलं, येतोय डोंगर तर येऊ दे. कातळाकडं बघत बसले. काय बी आलं न्हाई. तांदूळ निवडायचे राहिलेले, ते घेतले निवडाय." ती हसली. खरंच हसली, तिला ते गमतीचं वाटत असावं किंवा तसं वाटून घ्यायचं तिने ठरवलं असावं. "परत आले तवा म्या चूल पेटवीत हुते. काय बोलले न्हाईत. पानी पिले. मंग कोयता घेतला आन् वायर तोडली. पारडी गेल्याचं त्यांना मागनं कळलं."

मागनं कळलं. प्रगतीने ते शब्द ऐकले आणि केळ्यांची पिशवी उगाच आत नेऊन ठेवली, परत आली. घरात चुलीचा आणि ताकाचा वास होता. तिला बापाचा राग येईल असं वाटलं, आला नाही. छातीत एक चमत्कारिक रितेपणा मात्र आला, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी तसा. आयुष्यभर जोडीने राहिलेली दोन माणसं. त्यांच्यात कुणी कुणाला काय विचारलं असतं, कुणी काय दिलं असतं, हे आजवर कधी मोजायची वेळच आली नव्हती. ती वेळ एका पेटीने आणली, तीही कारण नसताना. आबांनी पारडीसाठी वायर तोडली असं सगळी वाडी समजत होती. आबाही तसंच म्हणणार होते. आणि आई हे कुणाला सांगणार नव्हती. प्रगतीलाही तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, विचारलं म्हणून सांगितलं होतं. प्रगतीला वाटलं, पुण्यातल्या माझ्या खोलीत असा भोंगा वाजला तर मी काय घेऊन पळेन? लॅपटॉपची पिशवी. उत्तर इतक्या लगेच आलं की तिला थोडी लाज वाटली. शेजारच्या खोलीत एक म्हाताऱ्या बाई भाड्याने राहायच्या, त्यांचं आडनाव तिला आठवेना.

उन्हं कलल्यावर ती वर गेली. आबा खांबापासून थोडे दूर, कातळाच्या सावलीत काठीवर हनुवटी टेकून उभे होते. त्यांना सगळे सिद्धनाथ म्हणत, ती एकटी आबा म्हणायची. अंगाने पूर्वीपेक्षा बारीक झाले होते, डोकीवरचा पटका तेवढा तसाच मोठा. "पुण्यावरनं लावून दिली व्हय तुला?" त्यांनी विचारलं. "व्हय." "जोडू नको. सांगून ठेवतो. खोटं बोलतंय ते." प्रगती म्हणाली, "खोटं न्हाई आबा. त्याला कळंना झालं वर काय चाललंय, म्हणून वाजलं." "कळंना तर गप बसावं. माणसं पळवायची कशाला?" "आन् खरंच डोंगर आला असता तर?" एका म्हशीला आबांनी उगाच हाळी दिली. मग म्हणाले, "पारडी गेली माजी." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "गुणाची पारडी गेली." त्यांच्या आवाजात दुःख होतं, ते खोटं नव्हतं, पण दुसऱ्यांदा म्हणताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"आये सांगत हुती," प्रगती बोलून गेली.

आबांची मान वळली. "काय सांगत हुती?" डोळे अगदी थेट तिच्यावर. तिने कधी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आणि आताही ते घाबरले आहेत असं कुणी परक्याने म्हटलं नसतं. काठी धरलेली बोटं तेवढी घट्ट झाली होती. तिला दिसलं की आपण आता म्हणू ते वाक्य या माणसाला उरलेलं आयुष्य पुरेल. "पारडी गाभण व्हती म्हणून," ती म्हणाली. आबांनी तिच्याकडे आणखी जरा वेळ बघितलं. मग मान वळवली. "व्हय," ते म्हणाले. "गाभण व्हती."

ती वळून खांबाकडे गेली, करायला काही तरी हवं म्हणून. लोखंडी नळी, तिच्या पोटात जमिनीचा कल मोजणारा सेन्सर. बसवला तेव्हा राखाडी रंग दिलेला होता. आता कमरेएवढ्या उंचीवर रंग पार उडून लोखंड आरशासारखं गुळगुळीत झालं होतं, आणि त्याला वाळलेल्या चिखलाचा पापुद्रा आणि काळे राठ केस चिकटलेले होते. तिने हात लावला. ती तशीच उभी राहिली. "आबा, म्हशी ह्याला अंग घासत्यात?" "घासणारच की. माळावर दुसरं हुबं काय हाय?" आबा म्हणाले. हे तिला माहीत होतं. लहानपणी तिने स्वतः अशा किती मेढी, किती झाडं, एकदा तर एसटीच्या थांब्याचा लोखंडी खांबसुद्धा म्हशींनी वाकवलेला बघितला होता. पुण्यात पडद्यासमोर बसताना ते सगळं तिच्याजवळच होतं, आणि तरी जवळ नव्हतं. पुढचं आता सरळ होतं. उन्हाळा, अंगाला खाज, एकामागून एक म्हशी येऊन खांब हलवतात. वाचक इमानाने प्रत्येक हेलकावा मोजतो; खांब पुन्हा सरळ होतो म्हणून जमीन हलली असं मात्र म्हणत नाही. रेंज मधेच गेलेली असल्यामुळे निरोप्याकडून ते पुढे सरकत नाही, म्हणून वाचक मोजण्या साठवत जातो. मेमरी संपते. लायब्ररी कारभाऱ्याकडे आणखी मागते. कारभाऱ्याकडे शिल्लक नाही, आणि नाही म्हणायचं असं त्याला कुणी सांगितलेलं नाही, तर तो मागणी तशीच धरून बसतो. वाचक थांबतो. भोंगा वाट बघतो आणि वाजतो. कुणाचंच चुकलं नव्हतं. कोअरने तर एक कणही इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. म्हशीचंही चुकलं नव्हतं. आणि तरी आई उंबऱ्यात एकटी कातळाकडे बघत बसली होती.

संध्याकाळी जेवताना आबांनी पुन्हा सांगितलं, जोडायचं नाही. प्रगतीने म्हशींचं सांगितलं, खांबाला कुंपण घालू म्हणाली, आतला दोष मी काढते म्हणाली. आबा भाकरी मोडत राहिले. "उद्या पावसात रोज वाजंल. रोज पळायचं का?" आई चुलीपाशी होती. ती पाठमोरीच म्हणाली, "जोडून जा गं." आबांचा हात थांबला. "तुला काय कळतंय त्यातलं?" "मला काय कळायचं? वाजलं तर कळंल तरी. न्हाई वाजलं तर आपल्याला ठावं बी व्हायचं न्हाई. पळायचं का बसायचं ते ज्याचं त्यानं बघावं." हे बोलण्यात काही टोचणी होती का, हे प्रगतीने आईच्या पाठीवरून ओळखायचा प्रयत्न केला. ओळखता आलं नाही. आबांनी हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले. त्यांच्या बिडीचा वास आत येत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा आबा घरी नव्हते. वर जाऊन बघते तर ते करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून खांबाभोवती रचत होते, हात ओरबाडले होते. ती पेटीपाशी परत आली, वायर सोलून जोडायला लागली, तसे ते मागून आले आणि शिडी धरून उभे राहिले. "चढ," एवढंच म्हणाले. बॅटरी जोडल्यावर पेटीवरचा छोटा दिवा लागला. कोअर उठला, कारभाऱ्याला त्याचं सगळं दिलं, कारभाऱ्याने पोरांना. आबांनी दिव्याकडे बघितलं. "आता वाजंल?" "आता न्हाई." "बरं," म्हणत त्यांनी शिडी उचलली.

पुण्यात शेफाली म्हणाली, "सोपं आहे. वाचकाचा वाटा दुप्पट करून टाक. एका ओळीचं काम." प्रगती नाही म्हणाली. दुप्पट केला तर दुप्पट म्हशी लागतील, एवढंच. तिला बेस लायब्ररी बदलायची होती. मागणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे, मग ते नाही असं का असेना. नाही असं उत्तर आलं की वाचकाने जुन्या मोजण्या टाकून द्याव्यात आणि ताजी तेवढी धरून बोलत राहावं. आणि कारभाऱ्याला नाही म्हणायला शिकवायचं. शेफाली खुर्चीत मागे रेलली. "लायब्ररीला हात लावायचा म्हणजे काय, तुला माहितीये. ती प्रत्येक कंपोनंटमध्ये आहे. सगळं पुन्हा तपासायचं, पाऊस तोंडावर आलेला असताना. आणि कशासाठी? कोअर बरोबर होता, लायब्ररीही जे लिहिलंय तेच करत होती." "हो," प्रगती म्हणाली. "सगळंच बरोबर होतं." तिचा आवाज थोडा चढला असावा, कारण शेफालीने पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढून तिच्याकडे बघितलं. "कोणी जखमी झालं होतं का तिथे?" तिने विचारलं. "नाही," प्रगती म्हणाली. "एक पारडी गेली." शेफाली थोडा वेळ पेन वाजवत बसली आणि मग म्हणाली, कर, पण तपासायला मीही बसते. त्या दोघी मे महिनाभर बसल्या. बदल तसा थोडाच होता, पण तो प्रत्येकाच्या आत जाणार म्हणून प्रत्येकाला मेमरीवाचून उपाशी ठेवून, खांब हलवून, रेंज तोडून बघावं लागलं, आणि मगच तो पुण्याहून सगळ्या पेट्यांत पाठवला. काम करताना मधेच प्रगतीला आई दिसायची, सूप मांडीवर घेऊन कातळाकडे बघणारी. त्या प्रतिमेचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. ती प्रतिमा तिला कुठेच बसवता येत नव्हती. ती यायची, थोडा वेळ असायची, आणि प्रगती पुन्हा पडद्याकडे वळायची. एकदा घरी जाताना तिने शेजारच्या बाईंच्या दाराची घंटा वाजवली आणि काही कारण सुचेना म्हणून मिरच्या मागितल्या.

जुलैत तोरण्याच्या अंगाला पाऊस लागून राहिला. टेपवाडीचा फोन लागत नव्हता, पेटीचे निरोप तेवढे अधूनमधून येत होते. एके दुपारी पडद्यावरचा ठिपका लाल झाला. खोलीतले सगळे उठून उभे राहिले, प्रगती तेवढी बसून राहिली. शेफालीने ओळ वाचली. कारण, जमीन हलली. वाचक बोलत होता. थांबून थांबून, पण बोलत होता. मधे एकदा त्याने मेमरी मागितल्याची नोंद होती, नाही असं उत्तर आल्याची नोंद होती, आणि त्याच्या खाली पुढची मोजणी. खांब कलत चालला होता. मग त्याच्याकडून येणं थांबलं आणि भोंगा वाजतच राहिला. प्रगती फोन लावत राहिली. शेफालीने तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला, तो तिला दिसला आणि त्याचं काय करतात ते आठवेना. तहसील कचेरीत खबर गेली आहे, असं कुणीतरी सांगितलं. काचेवर पाऊस वाजत होता, पुण्याचा बारीक पाऊस.

फोन आला तो परक्या नंबरवरून. "प्रगते," आबांचा आवाज. मागे पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा गोंगाट. "वाजलं ते. समदी शाळंत हाईत." "आये?" "हाय की. हितं बसलीय." "कशी आली ती?" "चालत. लई वेळ लागला. म्या म्हनलं पाठीवर घेतो, तर नको म्हनली. मंग तिच्या पायानं जेवढं व्हतं तेवढं." "आन् तुमी?" "म्या तिच्या मागं." प्रगतीने डोळे मिटले. तो निसरडा उतार, भोंग्याचा आवाज, एकेका दगडावर थांबणारी आई, आणि तिच्या मागे, पुढे जाऊ शकणारा पण न जाणारा बाप. "म्हशी?" "दावी सोडली. गेल्या कुटं तरी. बगू." मग आवाज बदलला, आईने फोन घेतला होता. "वरचा माळ आलाय खाली. खांब बिंब समदं गेलं. घरं हाईत अजून. अगं, म्या ह्यांना म्हनत हुते, तुमी व्हा म्होरं, आले म्या. तर बोलना बी न्हाईत, नुसतं मागं हुबे. कान किटले माजे त्या भोंग्यानं." "आये, मी सांगेपर्यंत वर जायचं न्हाई." "न्हाई जात. हितं च्या केलाय मास्तरीनबाईंनी."

आईने फोन कुणाकडे तरी दिला असावा, किंवा बंद न करता बाकावर ठेवला असावा. प्रगतीला पावसाचा आवाज येत राहिला, पोरांचा कालवा, एक भांडं पडलं. मग जवळून आबांचा आवाज, तिच्याशी न बोलणारा, तिने या आधी कधी न ऐकलेला इतका हळू. "पाय दुखतोय का गं?" आणि आई म्हणाली, "दुखणारच की." खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. शेफालीने खुणेनेच विचारलं, काय? प्रगतीने मान हलवून सगळे ठीक असल्याचं सांगितलं, आणि पुढचं ऐकायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून तिने फोन बंद केला.